पडद्यापुढच्या खुर्च्या : लांब पल्ल्याच्या विमानातील वर्गांचा शोध

संग्रामपूरच्या बाजूने समुद्रापलीकडे पहिल्यांदा गेला तो कापूस. माणसे फार नंतर गेली. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ भुसावळ ओलांडून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा वऱ्हाडात शिरला. अमेरिकेत यादवी पेटली होती आणि लँकेशायरच्या गिरण्यांना इकडचा कापूस हवा झाला होता. १८७० साली जलंबहून खामगावला एक छोटासा फाटा काढला गेला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या पांढऱ्या मालाचे मोल कळावे. सातपुड्याच्या पायथ्याची, वाण नदीकाठची आमची गावे मात्र रुळापासून दूर राहिली. आजही दूरच आहेत. बैलगाडी जुंपायची, पूर्णा ओलांडायची आणि शेगाव नाहीतर खामगाव गाठायचे.

माझे वडील खामगावच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मुनीम होते. सरकी काढलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिची गठाण बांधतात, वर लोखंडी पट्ट्या आवळतात. लहानपणी मी त्यांना विचारले होते की एवढे दाबायचे कशाला, कापूस काय पळून जातो? ते म्हणाले, "जहाजवाला वजन नाही पाहत, जागा पाहतो. सैल कापूस नेला तर तो हवेचं भाडं लावतो." लांबच्या वाहतुकीचे सगळे अर्थशास्त्र या दोन वाक्यांत आहे, हे मला पुढे चाळीस वर्षे इतिहास शिकवूनही नीट उमगले नव्हते. ते उमगले समुद्रसपाटीपासून अकरा किलोमीटर उंचीवर.

मुलगी मेलबर्नला असते. गेल्या वर्षी आम्ही दोघे तिच्याकडे गेलो, मुंबईहून सिंगापूरमार्गे, एका आशियाई कंपनीच्या विमानाने. जाताना मागच्या, दाटीच्या वर्गात. येताना तिने आपल्या कामाच्या प्रवासांत साठलेले पॉइंट मोडले आणि आम्हाला बिझनेस क्लासमध्ये बसवले. वाटेत दोनदा गरम पंचा आला, पांढरे कापड अंथरून जेवण आले, बटण दाबताच खुर्चीची खाट झाली. पाय एका कोनाड्यात शिरतात, म्हणजे आपण पुढच्या माणसाच्या कोपराखाली पाय ठेवून झोपलेलो असतो. सौभाग्यवतींनी त्या तिकिटाची मूळ किंमत मुलीकडून काढून घेतली होती. त्या म्हणाल्या, "एवढ्यात जन्मभर शेगावच्या वाऱ्या झाल्या असत्या, त्याही मोटारीने." आणि शांत झोपल्या. मी जागा राहिलो. आठवड्याभरापूर्वी याच आकाशातून, इतक्याच तासांत, तेच अंतर आम्ही गुडघे आखडून कापले होते. मग हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे? वडिलांचे शब्द आठवले. हवेचे भाडे.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. शेजारच्या भाऊंनी पारावरूनच हटकले, "काय गुरुजी, बिजनेस क्लासमंदी बसले म्हनते! मंग कोनता धंदा कराले गेलते?" सगळे हसले. पण भाऊंचा प्रश्न अगदी नेमका होता. या वर्गाचे नाव 'धंद्याचा वर्ग' असे का पडले? राजाचा, श्रीमंतांचा, आरामाचा असे का नाही? त्या प्रश्नाचा माग काढत गेलो, त्यातून हे टिपण झाले.

*

भारतातून लांब पल्ल्याच्या विमानसेवेची सुरुवात महाराजांनीच झाली, हे खरे आहे. ८ जून १९४८ च्या रात्री मुंबईहून एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान लंडनला निघाले. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे, चार पंखे असलेले हे विमान. नाव 'मलबार प्रिन्सेस'. वैमानिक कॅप्टन गुझदर. वाटेत कैरो आणि जिनिव्हा. प्रवासी पस्तीस, त्यांत संस्थानिक मंडळी होती आणि जे. आर. डी. टाटाही सपत्नीक होते. दहा तारखेला पहाटे ते लंडनला उतरले. या सेवेची वृत्तपत्रातली जाहिरात प्रसिद्ध आहे. तीत भाडे दिले होते १,७२० रुपये. त्या वेळी सोने तोळ्याला शंभर रुपयांच्या आतबाहेर होते, म्हणजे लंडनला जायला सतरा-अठरा तोळे सोने मोडावे लागे. आमच्याकडे तेवढ्यात मुलीचे लग्न होऊन वर बैलजोडी आली असती.

आणखी एक महाराजा या गोष्टीत आहे, फेटेवाला, भल्यामोठ्या मिशांचा, कमरेत वाकलेला. १९४६ साली एअर इंडियाचे बॉबी कूका आणि जाहिरात संस्थेतले चित्रकार उमेश राव यांनी मिळून त्याला घडवले, तोही मुळात प्रवाशांना द्यायच्या टिपणवहीसाठी. तो राज्य करणारा राजा नव्हेच; अदबीने वाकणारा यजमान आहे. ही युक्ती फार हुशारीची होती. पाश्चात्त्य कंपन्यांकडे विमाने जास्त, मार्ग जास्त, पैसा जास्त. नवस्वतंत्र देशाच्या कंपनीने विकायचे काय? तिने आतिथ्य विकायला काढले, आणि त्या आतिथ्यावर पहारा ठेवला जे. आर. डीं.नी. प्रत्येक प्रवासानंतर ते कर्मचाऱ्यांना टिपणे धाडत. एकात जिनिव्हापासून मिळालेल्या चहाचा रंग कॉफीपेक्षा वेगळा ओळखू येत नव्हता, अशी तक्रार आहे. कंपनीचा अध्यक्ष चहाच्या रंगावर लिहितो, हे वाचून मला आमच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक आठवले. ते फळ्याच्या काळेपणावर असेच लिहीत.

पण या चित्रात एक गोष्ट सुटते. १९४८ साली बहुतेक आंतरराष्ट्रीय विमानांत वर्ग पडलेलेच नव्हते. भाडी विमान कंपन्यांच्या 'आयाटा' या संघटनेने ठरवलेली असत आणि विमानात बसणाऱ्याला साधारण एकच वर्ग, एकच खुर्ची, एकच ताट. गरीब बसतच नसल्यामुळे त्याला वेगळे बसवण्याचा प्रश्न नव्हता. शेगावच्या फलाटावर त्या काळी पहिला, दुसरा, इंटर आणि तिसरा असे चार वर्ग थांबत. त्यातल्या तिसऱ्या वर्गाच्या हालांवर गांधीजींनी १९१७ सालीच पुस्तिका लिहिली होती. 'तिसरा वर्ग' हे नाव भारतीय रेल्वेने टाकले ते १९७४ मध्ये. म्हणजे रेल्वेने वर्गांपासून सुरुवात केली आणि हळूहळू ते कमी केले; विमानाने एका वर्गापासून सुरुवात केली आणि तो फोडत नेला. उलटा प्रवास.

*

गरीब विमानात बसतच नसत, असे वर लिहिले ते तिकीट स्वतः काढणाऱ्यांपुरते खरे. तोच 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० रोजी कैरोहून जिनिव्हाला जाताना आल्प्समधल्या मों ब्लां पर्वतावर आदळला. चाळीस प्रवासी आणि आठ कर्मचारी, सगळे गेले. आणि हे चाळीस प्रवासी कोण होते? बहुतेक सगळे भारतीय खलाशी. इंग्लंडच्या बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर रुजू व्हायला निघालेले.

मी हे प्रथम वाचले तेव्हा थबकलो. अडीच वर्षांपूर्वी ज्या खुर्च्यांवर संस्थानिक बसले होते, त्याच खुर्च्यांवर हे बसले होते. मुंबई बंदरात जहाजांवर भरती होणारे खलाशी प्रामुख्याने रत्नागिरीच्या, गोव्याच्या, गुजरातच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्यापैकी कुणी सतरा तोळे सोने मोडलेले नव्हते. तिकीट जहाज कंपनीच्या हिशेबातले होते. बंदरात उभे जहाज रोजचा खर्च खाते, खलाशी लवकर पोचला तर तो वाचतो. म्हणजे लांब पल्ल्याच्या विमानातून 'कामासाठी', दुसऱ्याच्या पैशाने, वेळ वाचवायला जाणारा माणूस हीच जर धंदेवाईक प्रवाशाची व्याख्या असेल, तर आपल्या मार्गावरचे पहिले खरे बिझनेस प्रवासी ते खलाशी होते. भाऊंना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मंग त्याहीले कोनी बिजनेसवाले म्हनलं नसन." नाहीच म्हटले.

त्या अपघाताची पुढची कथाही ऐकण्यासारखी आहे. खाली शामोनी गावातून मदतीसाठी वर निघालेल्या तुकडीचा नायक, वाटाड्या रने पायो, बर्फाच्या भेगेत पडून मेला. दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, फ्रेंच कादंबरीकार आंरी त्रोयात यांनी या घटनेवरून स्फुरलेली कादंबरी लिहिली. दोन भाऊ पडलेल्या विमानापर्यंत चढून जातात, धाकट्याला लूट हवी असते, आणि अवशेषांत त्यांना एकच जिवंत माणूस सापडते. ती असते एक हिंदू स्त्री. १९५६ मध्ये त्यावर हॉलिवुडने 'द माउंटन' नावाचा चित्रपट काढला. थोरला भाऊ स्पेन्सर ट्रेसी, आणि ती स्त्री अ‍ॅना काश्फी. कादंबरीकाराला त्याचे स्वातंत्र्य असतेच, त्यावर माझा आक्षेप नाही. पण पाहा, खरे विमान चाळीस कामकरी पुरुषांनी भरलेले होते, आणि गोष्टीच्या विमानातून उचलायला उरली ती एक गूढ, नाजूक पौर्वात्य स्त्री. पूर्वेकडून येणाऱ्या विमानात कोण बसलेले असावे, याचे एक चित्र पश्चिमेच्या मनात आधीच तयार होते. आपल्या महाराजाच्या जाहिरातींनी त्या चित्राला रंगच चढवला.

*

वर्ग फुटायला सुरुवात झाली १९५२ मध्ये, अटलांटिक समुद्रावरून. तिथे त्या वर्षी 'टूरिस्ट' वर्ग आला, १९५८ मध्ये त्याहून स्वस्त 'इकॉनॉमी' आला. स्वस्त म्हणजे किती स्वस्त, हेही संघटनाच ठरवणार. इकॉनॉमीच्या प्रवाशाला जेवण म्हणून फक्त सँडविच द्यायचे, असा नियम झाला. स्कँडिनेव्हियाच्या कंपनीने मग त्या सँडविचवर मांस, मासळी, कोशिंबीर असे काही रचले की पाव दिसेना. अमेरिकन प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली, सँडविच म्हणजे काय यावर गंभीर चर्चा झाली आणि त्या कंपनीला २०,००० डॉलर दंड झाला. आपल्याकडे भाकरीवर झुणका किती वाढावा यावरून पंचायत बसावी, तसा हा प्रकार. पण त्यामागचा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मागचा माणूस सुखी झाला, तर पुढच्याने जास्त पैसे का द्यावेत? मागचे दुःख हा पुढच्या वर्गाच्या मालाचा भाग असतो.

एअर इंडिया तोवर पुढे गेली होती. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले तरी जे. आर. डी. अध्यक्ष राहिले. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६७ मध्ये पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट देण्यासाठी कंपनीने साल्वादोर दालीकडून राखदाणी करून घेतली. त्या अवलिया चित्रकाराने मोबदला काय मागितला, तर हत्तीचे पिल्लू. ते खरोखर विमानाने पाठवले गेले. राखदाणीवर हंस आणि हत्ती एकमेकांची प्रतिबिंबे होऊन बसले आहेत.

मग १९७१. एप्रिलमध्ये बोइंग ७४७ आले. नाव 'एम्परर अशोक', खिडक्यांभोवती बाहेरून झरोक्यांची महिरप रंगवलेली, वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गासाठी बैठकीची खोली, आणि जाहिरात अशी की हा तुमचा आकाशातला महाल. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने सव्विसावी घटनादुरुस्ती पक्की केली आणि खऱ्या महाराजांचे तनखे बंद झाले. जमिनीवरच्या राजांचे राजेपण गेले त्याच साली आकाशातल्याला माडी मिळाली. हा योगायोगच, पण इतका चपखल की एखाद्या नाटककाराने लिहिला असता तर समीक्षकांनी त्याला ओढूनताणून म्हटले असते.

*

आता भाऊंच्या प्रश्नाचे उत्तर. ते महालात सापडत नाही, ७४७ च्या पोटात सापडते. एवढे मोठे विमान भरायचे कसे? चारशेच्या आसपास माणसे रोज पूर्ण भाडे देऊन मिळत नाहीत. म्हणून सत्तरच्या दशकात सवलतीची तिकिटे निघाली, आधी आरक्षण करणाऱ्यासाठी, सहलींसाठी, गटांसाठी. १९७७ मध्ये फ्रेडी लेकर यांनी लंडन ते न्यूयॉर्क ५९ पौंडांत माणसे न्यायला सुरुवात केली. त्यातून एक विचित्र अवस्था झाली. कंपनीच्या कामाने ऐनवेळी निघालेला माणूस पूर्ण भाडे भरे आणि त्याच्या शेजारी त्याच खुर्चीवर, तेच ताट पुढ्यात घेऊन, निम्म्याहून कमी पैसे भरलेला सहलीतला विद्यार्थी बसे. पूर्ण भाडेवाला कुरकुरू लागला. त्याला पहिल्या वर्गाची ऐट नको होती. त्याचे म्हणणे एवढेच की मी जास्त दिले आहेत, हे कुठेतरी दिसू द्या.

तेव्हा कंपन्यांनी काय केले? १९७६ मध्ये डच कंपनी केएलएमने पूर्ण भाडे देणाऱ्यांना इकॉनॉमीच्याच पुढच्या भागात बसवले. नवी खुर्ची नाही, फक्त वेगळी जागा. १९७८ मध्ये ब्रिटिश एअरवेज आणि पॅन अ‍ॅम यांनी त्याला नावे दिली; १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटसने सरळ 'बिझनेस क्लास' म्हटले. म्हणजे मुळात हा वर्ग सुखासाठी जन्मला नाही. तो जन्मला एका हिशेबाच्या तक्रारीतून, आणि त्याची पहिली वस्तू खुर्ची नव्हती, पडदा होता. रुंद खुर्ची, चांगले ताट, खाट, हे सगळे पडद्यामागून आले. ब्रिटिश एअरवेजने पूर्ण आडवे होता येणारी खाट आधी, नव्वदच्या दशकात, पहिल्या वर्गाला दिली. बिझनेसला ती २००० मध्ये मिळाली. पडदा त्याच्या वीस-बावीस वर्षे आधीचा.

नाव धंद्याचे ठेवण्यात आणखी एक सोय होती. पहिल्या वर्गाचे तिकीट कंपनीच्या खात्यावर टाकायला लेखापाल डोळे वटारी. 'बिझनेस' म्हटले की तो कामाचा खर्च झाला. चैनीला कामाचे नाव दिले की तिची लाज जाते. आपल्याकडे सरकारी दौरा याच तत्त्वावर चालतो.

आशियाई कंपन्या या खेळात उशिरा उतरल्या, पण त्यांनी तो वेगळा खेळला. सिंगापूरचेच घ्या. १९७२ मध्ये मलेशियापासून कंपनी वेगळी झाली, तेव्हा तिच्याकडे देशांतर्गत मार्ग एकही नव्हता, कारण देशच एका शहराएवढा. जे काही कमवायचे ते लांबच्या परक्या प्रवाशाकडून. त्या काळात ती आयाटाच्या नियमांत अडकलेली नव्हती, म्हणून सँडविचचा कायदा तिला लागू नव्हता. तिने मागच्या वर्गालाही फुकट पेय, कानाला लावायचे हेडफोन आणि जेवणात निवड दिली. ज्या आतिथ्याचा शोध आपल्या महाराजाने लावला होता, त्याची शिस्त पूर्वेकडे बसली, असे माझे मत आहे. आपल्याकडे अदब चित्रात राहिली आणि चहाच्या रंगावर लिहिणारा माणूस १९७८ च्या फेब्रुवारीत पदावरून दूर केला गेला. महिन्याभरापूर्वी, १ जानेवारीला, 'एम्परर अशोक' वांद्र्याजवळ समुद्रात कोसळून २१३ माणसे गेली होती.

याच सिंगापूरच्या कंपनीने २००४ मध्ये न्यूअर्कपर्यंत, न थांबता अठरा तासांहून जास्त, विमान न्यायला सुरुवात केली. आधी त्यात १८१ खुर्च्या होत्या. २००८ मध्ये त्यांनी मागचा वर्गच काढून टाकला आणि फक्त १०० बिझनेस खुर्च्या ठेवल्या. संपूर्ण विमान पडद्यापुढचे! पाच वर्षे चालले. इंधन परवडेना, २०१३ मध्ये बंद झाले. २०१८ मध्ये नवे, कमी इंधन पिणारे विमान मिळाल्यावर ते पुन्हा सुरू झाले, ते दोन वर्गांचे, पण इकॉनॉमी त्यातही नाही. इथे वडिलांचे गणित लागू पडते. आमच्या येतानाच्या विमानात मागे एका ओळीत नऊ खुर्च्या होत्या आणि पुढे चार. त्यात दोन ओळींमधले अंतरही पुढे बरेच जास्त. एका बिझनेस खुर्चीत मागची तीन-चार माणसे मावतात. विमानाला तिघा-चौघांच्या जागेचे पैसे एकाकडून वसूल करायचे असतात. मागचा प्रवासी म्हणजे प्रेसमधली गठाण, पुढचा म्हणजे सैल कापूस. हवेचे भाडे तो देतो, किंवा त्याची कंपनी देते, किंवा आमच्यासारख्यांच्या वतीने त्यांची मुलगी देते.

*

आपल्या आकाशात एक वर्ग असाही होता की जो खुर्चीवर नव्हे, पासपोर्टवर छापलेला असे. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव वाढले आणि आखातात बांधकामे निघाली. मुंबईहून गवंडी, सुतार, वेल्डर, स्वयंपाकी जाऊ लागले. १९८३ चा स्थलांतर कायदा आल्यावर कमी शिकलेल्याच्या पासपोर्टवर 'परवानगी आवश्यक' असा शेरा पडू लागला. काही ठरावीक देशांत कामाला जायचे तर सरकारी कार्यालयाची मंजुरी हवी. हेतू फसवणुकीपासून संरक्षणाचा, आणि फसवणूक होतही होती. पण विमानतळाच्या रांगेत दोन पासपोर्ट शेजारी उघडले की कोण शिकलेला, कोण नाही, हे खिडकीतल्या माणसाला चेहरा न बघता कळे. पडदा विमानात शिरण्याआधीच पडलेला असे.

हीच माणसे १९९० मध्ये परत आली. इराकने कुवेत घेतल्यावर ऑगस्टपासून सुमारे दोन महिने, अम्मान ते मुंबई, एअर इंडियाने एक लाखाहून जास्त भारतीयांना आणले. नागरी विमानांनी केलेली एवढी मोठी सुटका दुसरी नाही, तिची जागतिक विक्रमात नोंद आहे. महाराजाच्या कंपनीच्या नावावर जो सर्वांत मोठा पराक्रम आहे, तो मागच्या खुर्च्यांवरच्या माणसांचा आहे. तिच्या जाहिरातींचे सुंदर संग्रह मी चाळले आहेत. लंडन, पॅरिस, टोकियो सगळीकडे फेटेवाला वाकलेला दिसतो. खांद्यावर कापडी पिशवी टाकलेल्या वेल्डरपुढे वाकलेला मात्र मला कुठे आढळला नाही.

आमच्या तालुक्यातून आखातात गेलेले थोडे. खारपाणपट्ट्यातला शेतकरी पुण्या-सुरतेपर्यंत जातो, समुद्र ओलांडणे त्याला जमत नाही. आता मात्र शिकलेली पोरे जाऊ लागली आहेत आणि त्यांच्या मागे आईबाप, वर्षा-दोन वर्षांनी, नातवंडाच्या वेळी. त्यांना पाहून भाऊ म्हणतात, "हे बी बिजनेसच हाये, नातू सांभायाचा." शेगाव स्टेशनवर मुंबईच्या गाडीची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याच्या बॅगेवर विमान कंपनीचा जुना टॅग लोंबताना दिसला की मी विचारतो, कुठे? बहुतेकदा उत्तर एकाच शब्दात येते, "पोरीकडं."

*

मों ब्लांच्या बर्फात आपले दुसरेही विमान आहे. २४ जानेवारी १९६६ रोजी बोइंग ७०७ 'कांचनजंगा' त्याच पर्वतावर आदळले, ११७ माणसे गेली, त्यांत होमी भाभा होते. दोन्ही विमानांचे अवशेष गिळून बसलेली बोसाँ हिमनदी हळूहळू खाली सरकते आणि गिळलेले एकेक बाहेर टाकते. २०१३ मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला तिथे धातूची पेटी सापडली. आत पाचू, नीलम, माणिक, पुड्यांवर 'मेड इन इंडिया'. त्याने प्रामाणिकपणे ती पोलिसांकडे दिली. मालक ठरेना, तेव्हा २०२१ मध्ये दोन वाटे झाले, एक त्याला आणि एक शामोनी गावाला, प्रत्येकी सुमारे दीड लाख युरोंचा. ही बातमी जगभर गाजली. त्याच्या वर्षभर आधी १९६६ ची भारतीय वृत्तपत्रे मिळाली होती. इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी त्यांत वाचता येत होती.

'मलबार प्रिन्सेस'ने परत दिलेली वस्तू याहून साधी आहे. त्या विमानात खलाशांबरोबर टपाल होते. जून १९७८ मध्ये, पॅन अ‍ॅम पूर्ण भाडे देणाऱ्यांसाठी वेगळ्या वर्गाची तयारी करत होती त्या वर्षी, एका फ्रेंच पोलिसाला हिमनदीच्या पायथ्याशी पन्नासहून अधिक पाकिटे आणि जवळपास तेवढीच पत्रे सापडली. पाकिटे एकीकडे, पत्रे दुसरीकडे झाली होती, कुठल्या पाकिटातले कुठले हे जुळेना. आठ पत्रांचे पत्ते लागले. ती अठ्ठावीस वर्षांनी पुढे रवाना करण्यात आली.